चेहरा, पुरावा आणि पाहुणा : इजिप्तमधील दृश्य शोधपत्रकारिता व समलिंगी प्रवासवृत्ते (२००१ ते २०२०)

गोषवारा :
राज्यसंस्थेच्या हिंसेचा दृश्य पुरावा गोळा करणारी पत्रकारिता आणि समलिंगी प्रवाशांना परदेशातील धोक्यांची माहिती देणारे लेखन ही दोन क्षेत्रे सामान्यतः स्वतंत्रपणे अभ्यासली जातात. प्रस्तुत शोधनिबंधात इजिप्तमधील २००१ ते २०२० या काळातील घटनांच्या आधारे ती एकत्र तपासली आहेत. छायाचित्र पीडिताचे रक्षण करते की त्यालाच आरोपी ठरवते, हे त्यातील चेहरा कोणी, कोणाच्या संमतीने आणि कोणापुढे उघड केला यावर ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : राज्यसंस्था, दृश्य पुरावा, शोधपत्रकारिता, समलिंगी समुदाय, प्रवासवृत्त, इजिप्त.

प्रस्तावना :
राज्यसंस्थेने आपल्याच नागरिकांवर केलेल्या हिंसेचा इतिहास लिहिताना साधनांचा प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो. पोलीस ठाण्याची नोंदवही, तुरुंगाचे दप्तर, न्यायवैद्यकीय अहवाल आणि शासकीय वृत्तपत्र ही साधने ज्या संस्थेवर आरोप आहे तिच्याच ताब्यात असतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी सामान्य माणसाच्या हाती आला आणि ही मक्तेदारी प्रथमच ढिली झाली. त्यामुळे कॅमेरा हे दुर्बलांचे साधन आहे, अशी धारणा माध्यमांच्या अभ्यासात रूढ झाली.

इजिप्तचा अनुभव या धारणेचा फेरविचार करावयास लावतो. या देशात पोलिसांच्या अत्याचाराची चित्रफीत अधिकाऱ्यांना तुरुंगात पाठविणारी ठरली, त्याच देशात एका मैफलीतील आनंदाचे छायाचित्र अटकेचे कारण झाले. हा देश जगातील मोठ्या पर्यटनकेंद्रांपैकी एक असल्याने येथे येणारा परदेशी समलिंगी प्रवासी आणि येथे राहणारा समलिंगी नागरिक हे अनेकदा एकाच जागी, एकाच रात्री उपस्थित असतात. दोघांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीतील तफावत राज्यसंस्थेच्या हिंसेचे स्वरूप उलगडण्यास साहाय्यभूत ठरते.

उद्दिष्टे :
१) इजिप्तमध्ये दृश्य पुराव्याचा वापर शासनाने व नागरिकांनी कसा केला याचा आढावा घेणे.
२) न्यायवैद्यकीय यंत्रणेच्या भूमिकेचे परीक्षण करणे.
३) समलिंगी प्रवाशांसाठीच्या लेखनाचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य व मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :
निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मानवाधिकार संस्थांचे प्रसिद्ध अहवाल, न्यायालयीन निकालांची वृत्ते आणि प्रवासमार्गदर्शिका या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. सामान्य पीडित व्यक्तींची नावे हेतुतः टाळली आहेत.

विषय विवेचन :

१) कायद्याची पार्श्वभूमी
भारतीय अभ्यासकाला समलिंगी संबंधांविषयीचा कायदा म्हटला की १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ आठवते. वसाहतकालीन शासनाने आणलेल्या या कलमाची प्रौढांमधील परस्परसंमतीच्या संबंधांवरील अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली. इजिप्तमध्ये असे सरळ कलम नाही. तेथील १९६१ चा कायदा क्रमांक १० हा वेश्याव्यवसायाच्या प्रतिबंधासाठी करण्यात आला असून त्याचे मूळ १९५१ च्या कायद्यात सापडते. त्यात ‘फुजूर’ म्हणजे दुराचार हा शब्द आहे. न्यायालयांनी पुढे त्याचा अर्थ पुरुषांमधील संमतीचे संबंध असा लावला आणि त्याची ‘सवय’ सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ लागला.

कायद्याच्या या रचनेचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. एखाद्या कृतीपेक्षा सवय सिद्ध करावयाची असल्याने पोलिसांना माणसाचा स्वभाव, पेहराव, मित्रमंडळी, पत्रे आणि छायाचित्रे पुरावा म्हणून मांडण्याची मुभा मिळाली. म्हणजेच दृश्य पुराव्याची गरज या कायद्याच्या शब्दरचनेतच होती. १९८१ पासून २०१२ पर्यंत देशात आणीबाणीचा कायदा अखंड लागू असल्यामुळे या अधिकाराला फारसा अटकाव राहिला नाही.

२) क्वीन बोट प्रकरण (२००१)
११ मे २००१ च्या पहाटे कैरोत नाईल नदीवर नांगरलेल्या ‘क्वीन बोट’ या तरंगत्या नृत्यगृहावर पोलिसांनी छापा घातला. नौकेवरील स्त्रिया आणि परदेशी पाहुणे यांना सोडून देण्यात आले. इजिप्शियन पुरुषांना ताब्यात घेण्यात आले. इतर ठिकाणी पकडलेल्यांनाही त्यांच्यात मिळवून बावन्न जणांवर राज्य सुरक्षा आणीबाणी न्यायालयात खटला चालविण्यात आला. एका अल्पवयीन मुलावर स्वतंत्र खटला झाला. या न्यायालयाच्या निकालावर अपील करण्याची सोय नव्हती. १४ नोव्हेंबर २००१ रोजी तेवीस जणांना एक ते पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या व एकोणतीस जण सुटले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांनी त्यांपैकी पन्नास जणांच्या फेरसुनावणीचा आदेश दिला.

खटल्यापूर्वीच शिक्षेला वृत्तपत्रांतून सुरुवात झाली होती. आरोपींची नावे, वये व व्यवसाय छापून आले. छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. एका नियतकालिकाने मुख्य आरोपीच्या छायाचित्रात फेरफार करून त्याच्या डोक्यावर इस्रायली सैनिकाचे शिरस्त्राण चढविले. समलिंगी म्हणजे परकीयांचा हस्तक, असे समीकरण वाचकांच्या मनावर बिंबविण्याचा हा प्रयत्न होता. न्यायालयात आणताना आरोपींनी पांढऱ्या कापडाने चेहरे झाकून घेतले आणि या झाकलेल्या चेहऱ्यांचेच छायाचित्र जगभर या खटल्याची ओळख बनले. नाव, घर आणि नोकरी गमावलेल्या माणसांकडे कॅमेऱ्याला नकार देण्याचा एवढाच मार्ग उरला होता.

देशातील मानवाधिकार चळवळीचीही या प्रकरणात कसोटी लागली. खटल्यावर टीका करणारा लेख लिहिल्यानंतर होसाम बहगत या तरुण कार्यकर्त्याला त्याच्या संस्थेतून कमी करण्यात आले. त्याने २००२ मध्ये ‘इजिप्शियन इनिशिएटिव्ह फॉर पर्सनल राइट्स’ ही संस्था स्थापन केली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने मार्च २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अहवालात २००१ च्या आरंभापासून दुराचाराच्या कायद्याखाली कारवाई झालेल्या १७९ पुरुषांची नावे ठाऊक असल्याचे नमूद केले. यांपैकी अनेकांना इंटरनेटवर ओळख वाढवून, भेटीस बोलावून पकडण्यात आले होते.

३) शरीराचे वाचन : न्यायवैद्यकीय यंत्रणा
क्वीन बोट प्रकरणातील आरोपींची गुदद्वाराची सक्तीची तपासणी न्याय मंत्रालयाच्या न्यायवैद्यकीय विभागाने केली. समलिंगी संबंधांची सवय शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येते, हे तिच्यामागील गृहीत ऑग्युस्त आम्ब्रुआझ तार्द्यू या फ्रेंच वैद्याने १८५७ मध्ये मांडले होते. आधुनिक वैद्यकशास्त्र ते निराधार मानते आणि मानवाधिकार संस्था या तपासणीची गणना छळात करतात. तरीही दीड शतकानंतर कैरोच्या न्यायालयात ते पुरावा म्हणून ग्राह्य धरले गेले.

ही पद्धती समलिंगी पुरुषांपुरती मर्यादित राहिली नाही. ९ मार्च २०११ रोजी तहरीर चौकातून पकडलेल्या काही स्त्रियांची लष्कराच्या ताब्यात असताना ‘कौमार्य चाचणी’ करण्यात आली. समीरा इब्राहिम यांनी त्याविरुद्ध दाद मागितली व डिसेंबर २०११ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने अशा चाचण्यांना मनाई केली. भारतातही बलात्कारपीडितेच्या ‘टू फिंगर टेस्ट’विषयी सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये कठोर भूमिका घ्यावी लागली. ज्या व्यक्तीचा शब्द राज्यसंस्था मानावयास तयार नसते, तिच्या शरीराकडून ती परस्पर जबाब वदवून घेते, हे सूत्र या सर्व प्रकरणांत समान आहे.

४) पोलिसांचीच चित्रफीत (२००६-२००७) आणि खालिद सईद (२०१०)
जानेवारी २००६ मध्ये गिझातील बुलाक अल-दक्रूर पोलीस ठाण्यात एका मिनीबसचालकावर लैंगिक अत्याचार करण्यात आला. तो पोलिसांनीच भ्रमणध्वनीवर चित्रित केला आणि त्याची मानहानी व्हावी म्हणून चित्रफीत त्याच्या व्यवसायबंधूंमध्ये पसरविली. त्या वर्षाच्या अखेरीस ती वाएल अब्बास व इतर ब्लॉगलेखकांच्या हाती आली आणि त्यांनी ती प्रसिद्ध केली. ‘अल-फज्र’ या साप्ताहिकाने पीडिताचा शोध घेतला. त्याने पुढे येऊन तक्रार दिली. मध्यंतरी पोलिसांना विरोध केल्याच्या आरोपावरून त्यालाच तीन महिन्यांचा कारावास भोगावा लागला. अखेर नोव्हेंबर २००७ मध्ये दोघा पोलिसांना प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली.

क्वीन बोट खटल्यातील छायाचित्रे आणि ही चित्रफीत या दोहोंचा मूळ हेतू अपमान करणे हाच होता. परिणाम मात्र उलट झाले. त्याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की पत्रकारांनी चित्रफितीतील ठिकाण, काळ व माणसे यांची पडताळणी करून पीडिताऐवजी गणवेशधाऱ्याची ओळख पटविली. दुसरे असे की पीडिताने स्वतःहून बोलण्याचे ठरविले. ही संमती त्याला फार महाग पडली, तथापि ती त्याची स्वतःची होती.

खालिद सईद या तरुणाचा ६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रिया येथे पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला. अमली पदार्थाची पुडी गिळल्याने तो गुदमरला, असा निर्वाळा न्यायवैद्यकीय विभागाने दिला. शवागारात कुटुंबीयांनी टिपलेले त्याच्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र फेसबुकवर पसरले आणि शासकीय अहवाल लोकांच्या नजरेत खोटा ठरला. ‘आपण सारे खालिद सईद’ या नावाच्या पृष्ठाचा २०११ च्या उठावाच्या तयारीतील वाटा सर्वज्ञात आहे.

५) उठावानंतरचे दृश्य संग्रह
९ ऑक्टोबर २०११ रोजी मास्पेरो येथील शासकीय दूरचित्रवाणीच्या इमारतीसमोर कॉप्टिक ख्रिस्ती निदर्शकांवर लष्कराने केलेल्या कारवाईत पंचवीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच इमारतीतून सैन्यावर हल्ला झाल्याचे सांगून नागरिकांना सैनिकांच्या रक्षणासाठी येण्याचे आवाहन प्रक्षेपित होत होते. निदर्शकांवर चिलखती वाहने घातल्याची नागरिकांनी टिपलेली दृश्ये या प्रचाराला उत्तर ठरली. याच वर्षी स्थापन झालेल्या ‘मोसिरीन’ या चित्रफीतकारांच्या गटाने असे साहित्य जमविले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी खुल्या केलेल्या संग्रहाचे ‘८५८’ हे नाव त्यातील चित्रणाच्या तासांवरून आलेले आहे.

१४ ऑगस्ट २०१३ रोजी राबा अल-अदाविया चौकातील निदर्शकांवर झालेला गोळीबार हे या कालखंडातील सर्वांत मोठे हत्याकांड होय. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने दोनशेहून अधिक साक्षीदारांच्या मुलाखती, प्रत्यक्ष पाहणी आणि अनेक तासांचे चित्रण यांच्या आधारे तेथे किमान ८१७ माणसे मारली गेल्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये काढला. ‘शौकान’ या नावाने परिचित असलेले छायाचित्रकार महमूद अबू झैद यांना त्याच दिवशी तेथे छायाचित्रे घेताना अटक झाली व मार्च २०१९ मध्येच त्यांची तुरुंगातून सुटका झाली.

२४ जानेवारी २०१५ रोजी कैरोच्या मध्यवस्तीत, तहरीर चौकात फुले वाहण्यासाठी निघालेल्या छोट्या मोर्चातील कवयित्री शायमा अल-सब्बाग गोळीबारात ठार झाल्या. निरनिराळ्या कोनांतून घेतलेली छायाचित्रे व चित्रफिती कालक्रमाने जुळविल्यावर गोळीबाराची दिशा पोलिसांकडे निर्देश करीत होती. न्यायवैद्यकीय विभागाच्या प्रवक्त्याने मात्र मृत्यूचा संबंध त्यांच्या अतिकृश शरीराशी जोडला. या प्रकरणी एका पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली. साक्ष देण्यास गेलेल्या वकील अज्झा सोलिमान यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. त्या पुढे निर्दोष ठरल्या.

याच दशकात लंडनमधील ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ (२०१०) व ‘बेलिंगकॅट’ (२०१४) यांसारख्या संस्थांनी सावल्या, इमारती व ध्वनी यांवरून चित्रणाचे ठिकाण आणि वेळ निश्चित करण्याचे तंत्र विकसित केले. राज्यसंस्थेचा खोटेपणा उघड करणारे हे तंत्र व्यक्तीचा माग काढण्यासही तितकेच उपयुक्त आहे. २०१४ मध्ये समलिंगी पुरुषांच्या ‘ग्राइंडर’ या परिचय-ॲपवर तीन बिंदूंपासूनची अंतरे मोजून वापरकर्त्याचे नेमके स्थान काढता येते असे दिसून आले. कंपनीने इजिप्तसह काही देशांत अंतर दर्शविण्याची सोय बंद केली आणि पोलीस बनावट नावाने वावरत असल्याची सूचनाही इजिप्तमधील वापरकर्त्यांना दिली.

६) शोधपत्रकारितेचा विपर्यास
२०१४ मध्ये नाईलवरील एका नौकेत दोन पुरुष अंगठ्यांची देवघेव करीत असल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. आठ जणांना अटक झाली. त्यांच्या शरीरतपासणीत समलिंगी संबंधांच्या खुणा आढळल्या नाहीत, असे न्यायवैद्यकीय विभागानेच जाहीर केले. तरीही त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली, जी अपिलात एक वर्षावर आली. आपल्याच यंत्रणेचा अहवाल सोयीचा नसेल तेव्हा शासनपक्षाने चित्रफितीलाच गुन्हा ठरविले.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला कैरोतील बाब अल-बहर येथील सार्वजनिक स्नानगृहावर छापा पडला आणि सव्वीस पुरुषांना पकडण्यात आले. एका खासगी वाहिनीवरील शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाची निवेदिका पोलिसांसोबत होती व अर्धनग्न, चेहरे लपविणाऱ्या पुरुषांचे ती चित्रण करीत होती. जानेवारी २०१५ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, परंतु त्यांची प्रतिष्ठा परत मिळाली नाही. काही आठवड्यांतच त्यांपैकी एकाने स्वतःला पेटवून घेतले, तो बचावला. या कार्यक्रमाने शोधपत्रकारितेचे नाव आणि तंत्र दोन्ही घेतले होते. सत्तेवर प्रश्न विचारण्याचे तिचे मूळ प्रयोजन मात्र त्यात नव्हते.

२२ सप्टेंबर २०१७ रोजी कैरोत ‘मशरू लैला’ या लेबनीज वाद्यवृंदाच्या मैफलीत काही श्रोत्यांनी इंद्रधनुषी ध्वज उंचावला. छायाचित्रे समाजमाध्यमांवर येताच अटकसत्र सुरू झाले. माध्यमांच्या नियामक मंडळाने समलिंगी व्यक्तींना माध्यमांत स्थान देण्यावर बंदी घातली. पश्चात्ताप व्यक्त करणाऱ्यांचा तेवढा अपवाद केला. ध्वजासह जिचे हसरे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते, त्या सारा हेगाझी हिने कोठडीत छळ सोसला. सुटकेनंतर ती कॅनडात गेली आणि जून २०२० मध्ये टोरांटो येथे तिने जीवन संपविले.

७) समलिंगी प्रवासवृत्ते : अर्धा नकाशा
समलिंगी प्रवाशांसाठीचे लेखन मुळात पोलिसांच्या भीतीतून जन्मले. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यास बॉब डॅमरन यांनी खिशात मावेल अशी पत्त्यांची पुस्तिका काढली, तेव्हा मद्यगृहांवर छापे पडणे नित्याचे होते. १९७० पासून निघालेल्या ‘स्पार्टाकस’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अनेक देशांची माहिती एकत्र केली. अशा पुस्तिकांत धोक्याच्या ठिकाणांपुढे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या अर्थाचे संक्षिप्त चिन्ह छापलेले असे. २०१२ पासून ‘स्पार्टाकस’ने देशांना गुणानुक्रम देणारा प्रवास-निर्देशांकही सुरू केला.

इतिहासाच्या दृष्टीने हे लेखन मोलाचे आहे. जी ठिकाणे शासकीय दप्तरात केवळ गुन्ह्याची जागा म्हणून येतात, ती येथे लोकांच्या भेटीगाठींची जागा म्हणून नोंदविली जातात. मात्र या नोंदींचा केंद्रबिंदू प्रवासी असतो. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द वाचणारा परदेशी पाहुणा आणि त्याच ठिकाणी येणारा स्थानिक तरुण यांची जबाबदारी समान नसते. क्वीन बोटवरून पाहुणे आपल्या मुक्कामी परतले आणि स्थानिक कोठडीत गेले, हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. २०१० मध्ये १ कोटी ४७ लाख पर्यटक आलेल्या देशाला परदेशी पाहुण्याची अटक परवडणारी नव्हती, हे त्यामागील एक संभाव्य कारण आहे.

पाहुण्यांमध्येही भेद होता. २००८ मध्ये देशाबाहेर काढलेल्या एका लिबियन तरुणाच्या प्रकरणात, समलिंगी परकीयांना प्रवेश नाकारण्याचा व हद्दपार करण्याचा गृह मंत्रालयाचा अधिकार प्रशासकीय न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केला. म्हणून एखादा देश प्रवाशांसाठी कितपत सुरक्षित आहे या प्रश्नाला एकच उत्तर देणारा निर्देशांक पारपत्र, त्वचेचा वर्ण आणि आर्थिक स्थिती यांनुसार बदलणारे वास्तव पुरेसे दाखवू शकत नाही.

निष्कर्ष :
१) इजिप्तमध्ये कॅमेऱ्याने राज्यसंस्था व नागरिक या दोघांचीही सेवा केली. चित्राचा परिणाम तंत्रापेक्षा प्रकाशनावरील नियंत्रणाने ठरला.
२) ज्या प्रकरणांत पीडिताने किंवा कुटुंबीयांनी चित्राला संमती दिली आणि पत्रकारांनी गणवेशामागील व्यक्ती शोधली, तेथे अल्प का होईना, न्याय मिळाला. जेथे पीडिताचाच चेहरा उघड केला गेला, तेथे चित्र हीच शिक्षा ठरली.
३) २००१, २०१० व २०१५ मधील प्रकरणांत न्यायवैद्यकीय विभागाने सातत्याने शासनपक्षाला पूरक मत दिले. नागरिकांनी मिळविलेल्या दृश्य पुराव्याचे महत्त्व त्यामुळेच वाढले.
४) समलिंगी प्रवासवृत्ते ही दुर्लक्षित ऐतिहासिक साधने आहेत; परंतु त्यांचा उपयोग स्थानिकांच्या साक्षीबरोबर ताडून पाहूनच करावयास हवा.
५) दृश्य संग्रह जतन करताना त्यातील प्रत्येक चेहऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार अभ्यासकाने केला पाहिजे. २०२३ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने इजिप्तसह पाच अरब देशांचा अभ्यास करून भ्रमणध्वनीतील छायाचित्रे व संभाषणे समलिंगी व्यक्तींविरुद्ध अद्यापि वापरली जात असल्याचे दाखवून दिले. अशा परिस्थितीत अभ्यासकाने आज प्रसिद्ध केलेले छायाचित्र उद्याच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडले जाऊ शकते. काही चेहरे झाकलेलेच ठेवणे हा त्यामुळे इतिहासलेखनाच्या शिस्तीचा भाग मानावा लागतो.